टू-स्ट्रोकचे तेल : अंदाज नको, माप हवे

भिवंडीतील नारपोली म्हटले की यंत्रमागांची खडखड आणि मालाने भरलेले ट्रक डोळ्यांसमोर येतात. अवतीभवतीच्या पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे या गावांतून गोदामांच्या लांबच लांब रांगा पसरल्या आहेत. पावसाळा सुरू झाला की या भागात आणखी एका यंत्राचा आवाज ऐकू येतो. गोदामांच्या मोकळ्या आवारात, कुंपणांच्या कडेला आणि रस्त्यालगत कमरेइतके गवत वाढते आणि ते काढण्यासाठी खांद्याला पट्टा अडकवून ग्रास कटर चालवणारे कामगार दिसू लागतात. पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्या छाटणारी चेनसॉ, तालुक्यातील भातशेतीत पाठीवर घेतलेला फवारणी पंप, एखाद्या फेरीवाल्याची जुनी मोपेड, कोणी हौसेने जपलेली जुनी स्कूटर ही याच कुळातील यंत्रे. यांपैकी बहुतेकांच्या पोटात टू-स्ट्रोक इंजिन असते आणि त्याला नुसते पेट्रोल चालत नाही. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते.

हे तेल कोणते घ्यावे आणि किती घालावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अंदाजाने दिले जाते. डब्याचे झाकण हेच माप ठरते, हाताशी असेल ते तेल ओतले जाते आणि ‘थोडे जास्त पडले तर इंजिनाला चांगलेच’ अशी समजूत करून घेतली जाते. इंजिन पकडले गेले की दोष यंत्राला दिला जातो. रोजंदारीवर किंवा छोट्या ठेक्यावर काम करणाऱ्याचे मात्र त्यात दुहेरी नुकसान होते. पिस्टन-सिलिंडर बदलण्याचा खर्च त्याच्या माथी येतो आणि ऐन हंगामातील दिवस बुडतात. शिवाय चुकीच्या तेलाचा धूर सर्वांत आधी त्याच्याच नाकात जातो.

तेलाची टाकी नसलेले इंजिन

या तेलाचे महत्त्व समजण्यासाठी टू-स्ट्रोक इंजिनाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मोटारीत किंवा आजच्या मोटारसायकलीत जे फोर-स्ट्रोक इंजिन असते, त्याच्या तळाशी वंगण तेलाचा स्वतंत्र साठा असतो. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते आणि ठरावीक अंतरानंतर बदलले जाते. टू-स्ट्रोक इंजिनात अशी सोय नसते. तेथे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते आणि मग बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या वर जाते. म्हणजे क्रँककेस ही इंधनाचीच वाट असल्याने तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. वंगणाला पेट्रोलच्या सोबतीनेच आत जावे लागते. पेट्रोलची वाफ होताच तेलाचे सूक्ष्म थेंब मागे उरतात. क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची टोके, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यावर त्यांचा पातळ थर बसतो. आपले काम केल्यावर हे तेल ज्वलनकक्षात जाऊन जळते आणि उरलेसुरले सायलेन्सरवाटे बाहेर पडते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, टू-स्ट्रोकचे तेल जसे उत्तम वंगण असले पाहिजे, तसेच ते स्वच्छपणे जळणारेही असले पाहिजे. इतर वंगणांकडून ही दुसरी अपेक्षा कोणी करीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, या इंजिनाला प्रत्येक क्षणी नवे तेल मिळते आणि ते एकदाच वापरले जाते. मिश्रणात तेल कमी पडले, तर वाट पाहायला उसंत नसते. ग्रास कटरचे इंजिन मिनिटाला सात ते दहा हजार फेरे घेते आणि चेनसॉचे त्याहूनही अधिक. अशा वेगात तेलाचा थर तुटला, तर काही मिनिटांतच पिस्टन सिलिंडरला घासून अडकू शकतो.

दिल्लीत झाकण का काढून घेतले गेले?

तेलाचा दर्जा आणि माप हे दोन प्रश्न नवे नाहीत. एकेकाळी सारा देश त्यांना तोंड देत होता. बजाजच्या स्कूटर आणि रिक्षा, कायनेटिकची लुना, राजदूत, येझदी अशी टू-स्ट्रोक वाहने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारतीय रस्त्यांवर मोठ्या संख्येने होती. पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की ‘टू-टी’ तेलाचे माप टाकीत रिकामे केले जाई. ते तेल बंद डब्यातलेच असेल, याची खात्री नसे. सुट्या तेलाची विक्री सर्रास चालत असे.

दिल्लीच्या प्रदूषणासंबंधीच्या मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी जो आदेश दिला, त्यात या सवयीवर नेमके बोट ठेवले होते. 31 डिसेंबर 1998 पर्यंत पंपांवर आणि गॅरेजांत सुटे टू-टी तेल विकणे बंद करावे आणि टू-स्ट्रोक वाहनांना यंत्राद्वारे मोजून मिसळलेले पेट्रोलच द्यावे, असे त्यात म्हटले होते. पाठोपाठ 1 एप्रिल 1999 पासून देशभर टू-टी तेलासाठी कमी धुराचा दर्जा बंधनकारक झाला. मुंबईतही वाहनांच्या धुराचा प्रश्न त्याच सुमारास उच्च न्यायालयात गाजत होता आणि न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीने 2000 साली आपला अहवाल दिला.

जागतिक बँकेने 2000 साली दक्षिण आशियातील टू-स्ट्रोक वाहनांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही हेच दोन दोष ठळकपणे मांडले होते. ढाक्यासारख्या शहरांत रिक्षाचालक टू-टी तेलाऐवजी स्वस्त साधे खनिज तेल वापरतात आणि तेही गरजेपेक्षा कितीतरी जास्त घालतात, असे त्यात नमूद होते. जादा तेलाने इंजिनाचे रक्षण होते, अशी चालकांची श्रद्धा होती. प्रत्यक्षात इंजिनात काजळी धरत होती आणि शहराची हवा बिघडत होती. ढाक्यातून टू-स्ट्रोक तीनचाकी रिक्षा 2002 साली हटवण्यात आल्या.

भारतातही उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले, तशी टू-स्ट्रोक वाहने बाजारातून बाहेर पडली. त्यांच्याबरोबर पंपांवरची मिश्रणाची यंत्रेही बहुतेक ठिकाणी दिसेनाशी झाली. मात्र लहान यंत्रांतील टू-स्ट्रोक इंजिन टिकून राहिले. ते वजनाला हलके असते, वाकडेतिकडे धरले तरी चालते आणि दुरुस्तीला सोपे असते. याचा परिणाम असा झाला की, न्यायालयाने ज्या मापाची जबाबदारी यंत्राकडे सोपवली होती, ती पुन्हा वापरणाऱ्याच्या हाती आली. नारपोलीतील ग्रास कटर चालवणाऱ्याला आज पंपावर साधे पेट्रोल मिळते. तेल निवडणे आणि मोजणे हे सर्वस्वी त्याचे काम असते.

डब्यावर काय वाचावे?

बाजारात टू-टी तेलाचे अनेक डबे दिसतात. कोणी हिरवे, कोणी निळे, कोणी लाल. हा रंग केवळ मिश्रण ओळखता यावे म्हणून घातलेला असतो. त्यावरून दर्जा ठरत नाही. डब्यावरील कंपनीचे नाव आणि आकर्षक चित्र यांपेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली प्रतवारी अधिक महत्त्वाची.

त्यातील सर्वांत उपयुक्त प्रतवारी ‘जासो’ या जपानी वाहन मानक संस्थेची आहे. तिच्या एफबी, एफसी आणि एफडी अशा चढत्या श्रेणी आहेत. तेलाची चाचणी प्रत्यक्ष इंजिनात घेतली जाते आणि एका ठरावीक संदर्भ तेलाला 100 गुण धरून त्याच्याशी तुलना केली जाते. गुण जितके अधिक, तितके तेल चांगले. धुराच्या चाचणीत एफबी श्रेणीला किमान 45 गुण पुरतात, तर एफसी आणि एफडी या दोहोंना किमान 85 गुण मिळवावे लागतात. इंजिन आतून स्वच्छ ठेवण्याच्या चाचणीत एफबीसाठी 85, एफसीसाठी 95, तर एफडीसाठी 125 गुणांची अट आहे. म्हणजे एफबीकडून एफसीकडे गेल्यास मोठा फरक धुरात पडतो आणि एफसीकडून एफडीकडे गेल्यास तो काजळीत पडतो.

दुसरी खूण म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची ‘एपीआय टीसी’ ही श्रेणी. ती हवेने थंड होणाऱ्या, अधिक ताण सोसणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. काही डब्यांवर ‘आयएसओ ईजीसी’ किंवा ‘आयएसओ ईजीडी’ असेही छापलेले असते. या श्रेणी ढोबळमानाने जासोच्या एफसी आणि एफडी यांच्या पंक्तीतल्या आहेत, त्यातही ईजीडी ही स्वच्छतेच्या बाबतीत वरची.

निवडीचा साधा नियम असा सांगता येईल. जुनी स्कूटर, मोपेड किंवा संथ चालणारे इंजिन असेल, तर एपीआय टीसी आणि जासो एफसी या दोन्ही खुणा असलेले खनिज किंवा अर्ध-सिंथेटिक तेल पुरेसे आहे. दिवसभर पूर्ण वेगात राबणारे ग्रास कटर, चेनसॉ किंवा फवारणी पंप असेल, तर जासो एफडी श्रेणीचे तेल घेणे हिताचे. यंत्राच्या पुस्तिकेत विशिष्ट श्रेणी दिलेली असल्यास अर्थातच तीच प्रमाण मानावी.

उत्तम तेलात वेगळे काय असते, याचेही उत्तर सोपे आहे. जुन्या पद्धतीच्या टू-टी तेलात जड खनिज तेलाचा अंश मोठा असतो. तो नीट जळत नाही. त्याचा निळसर-पांढरा धूर होतो आणि बाकीची काजळी होते. कमी धुराच्या तेलात त्यातील काही भागाऐवजी पॉलिआयसोब्युटिलीन नावाचे द्रव्य वापरतात. उष्णतेने त्याचे रेणू सुटे होऊन ते जवळजवळ काहीही मागे न ठेवता जळून जाते. याशिवाय तेल पेट्रोलमध्ये चटकन मिसळावे म्हणून त्यात थोडे पातळ द्रावक आणि पिस्टनच्या रिंगा मोकळ्या राहाव्यात म्हणून स्वच्छता राखणारी रसायने असतात.

कोणते तेल मुळीच नको?

यंत्रमाग आणि ट्रक यांच्या वस्तीत तेलाची वानवा नसते. मागाला घालायचे तेल, ट्रकच्या इंजिनाचे तेल, गॅरेजमध्ये काढून ठेवलेले जुने तेल असे काही ना काही हाताशी असते. टू-टीचा डबा संपला की यांपैकी एखादे ‘तात्पुरते’ ओतण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे.

मागाचे तेल जळण्यासाठी बनवलेलेच नसते. फोर-स्ट्रोक किंवा डिझेल इंजिनाचे तेल दर्जेदार असले, तरी त्यात जस्त आणि इतर धातूंची संयुगे तसेच तेलाचा दाटपणा राखणारी बहुवारिके असतात. बंद साठ्यात फिरताना ती उपकारक ठरतात. जाळली असता मात्र त्यांची राख होते. ही राख पिस्टनच्या माथ्यावर, स्पार्क प्लगच्या टोकांमध्ये आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेत साचते. जासोच्या मानकात टू-टी तेलातील राखेचे प्रमाण वजनाने 0.25 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. सामान्य इंजिन तेलात ते त्याच्या कित्येक पट असते. गॅरेजमधील जुन्या तेलात तर धातूचा कीस आणि आम्लेही असतात.

एक फसगत याच्या उलट दिशेने होते. ‘टीसी-डब्ल्यू3’ अशी खूण असलेले तेल महाग आणि निर्मळ असते, म्हणून ते सर्वांत उत्तम, असा समज होतो. हे तेल होड्यांना लावल्या जाणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांसाठी आहे. ती इंजिने तुलनेने थंड चालतात, म्हणून त्यांच्या तेलात राख करणारी धातूची रसायने घालत नाहीत. हवेने थंड होणारे ग्रास कटरचे इंजिन त्याहून बरेच तापते आणि त्या तापमानात हे तेल पिस्टनच्या रिंगा स्वच्छ ठेवू शकत नाही. खाडीतल्या होडीचे तेल गवताच्या मशीनला आणि मशीनचे तेल होडीला, अशी अदलाबदल करू नये.

एरंडेलाचा उल्लेखही येथे केला पाहिजे. शर्यतीच्या इंजिनांत ते पूर्वी वापरले जाई. कॅस्ट्रॉल हे नावच ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडेल या शब्दावरून आले आहे. एरंडेलाचा थर उष्णतेतही चिवट राहतो हे खरे, पण ते पेट्रोलमध्ये नीट मिसळून राहत नाही आणि मागे चिकट लुकण सोडते. रोजच्या कामाला ते योग्य नव्हे.

एका लिटरला किती?

प्रमाण सांगण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतून गोंधळ होतो. पुस्तिकेत ‘50:1’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ पेट्रोलच्या 50 भागांना तेलाचा एक भाग. जुन्या स्कूटर-रिक्षांच्या बाबतीत हेच ‘2 टक्के’ म्हणून सांगितले जाई. दोन्हींचा अर्थ एकच : एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर तेल. 40:1 असेल तर लिटरला 25 मिलिलिटर, 30:1 असेल तर सुमारे 33 मिलिलिटर आणि 25:1 असेल तर 40 मिलिलिटर. पाच लिटरचा डबा 50:1 प्रमाणात भरायचा असेल, तर त्याला 100 मिलिलिटर तेल लागते.

काही यंत्रांच्या पुस्तिकेत कंपनीच्या खास तेलासाठी 50:1 आणि इतर टीसी श्रेणीच्या तेलांसाठी 25:1 अशी दोन प्रमाणे दिलेली असतात. ती नीट वाचली पाहिजेत. दुसऱ्याच्या मशीनला जे प्रमाण चालते, ते आपल्या मशीनला चालेलच असे नाही. जुन्या रचनेच्या इंजिनांना अधिक तेल लागते, नव्यांना कमी.

मापासाठी डब्याचे झाकण भरवशाचे नसते, कारण प्रत्येक कंपनीचे झाकण वेगळे. औषधाच्या दुकानात मिळणारी 20 मिलिलिटरची सिरिंज हे त्यावरचे स्वस्त आणि अचूक साधन आहे. एक सिरिंज भरली की 50:1 प्रमाणात एक लिटरचे तेल मोजून झाले. ती फक्त याच कामासाठी वेगळी ठेवावी.

मिसळण्याचीही रीत आहे. स्वच्छ डब्यात आधी ठरलेल्या पेट्रोलपैकी निम्मे घ्यावे, त्यात सर्व तेल ओतून डबा नीट हलवावा आणि मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. यंत्राच्या टाकीत आधी पेट्रोल आणि वरून तेल असे थेट ओतल्यास तेल तळाशी बसते. सुरुवातीला इंजिन धूर ओकते आणि नंतर तेलावाचून चालते. टाकी भरण्यापूर्वी डबा दर वेळी हलवून घ्यावा.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवावेत. पहिला अपवाद यामाहा आरएक्स 100 सारख्या गाड्यांचा. या मोटारसायकलीत तेलाची वेगळी टाकी असते आणि इंजिनाच्या वेगानुसार तेल सोडणारा पंप असतो. तो नीट चालत असेल, तर पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नसते. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा. बाजारात फोर-स्ट्रोक इंजिनाचे ग्रास कटरही मोठ्या प्रमाणात मिळतात आणि ते दिसायला तसेच असतात. त्यांच्या इंजिनाला तेल घालण्याचे स्वतंत्र तोंड असते. अशा यंत्रात साधे पेट्रोल आणि स्वतंत्र इंजिन तेल लागते, मिश्रण नव्हे. भाड्याने आणलेल्या यंत्राच्या बाबतीत ही खात्री आधी करून घ्यावी.

जादा तेलाचा तोटा

तेल कमी पडले की इंजिन पकडते, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच हात सैल सुटतो. पण जादा तेलाने धोका टळत नाही. तो दुसऱ्या वाटेने येतो. न जळलेले तेल स्पार्क प्लग ओला करते आणि मशीन चालू होण्यास त्रास देते. काजळी पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत भरून रिंगा जाम करते. धूर बाहेर जाण्याची वाट आणि सायलेन्सरमधील जाळी तुंबते आणि मशीनची ताकद कमी होते. मग चालवणारा ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि इंजिन अधिक तापते.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. कार्ब्युरेटर ठरावीक मापाचे द्रव आत सोडतो. त्या द्रवात तेल वाढले, तर पेट्रोल तेवढे घटते. तेल 2 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर नेले, तर पेट्रोलचा वाटा 3 टक्क्यांनी कमी होतो. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की इंजिन उलट अधिक गरम चालते. म्हणजे इंजिन थंड राहावे म्हणून घातलेले तेलच उष्णतेत भर घालू शकते.

प्रमाण बरोबर आहे की नाही, हे स्पार्क प्लग सांगतो. काम झाल्यावर, इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहावा. टोकाजवळचा रंग फिकट तपकिरी असेल, तर सर्व ठीक. काळा आणि ओलसर असेल, तर तेल किंवा पेट्रोल जास्त होत आहे अथवा हवेची जाळी तुंबली आहे. पांढरट असेल, तर इंजिन अति तापत आहे. अशा वेळी काम थांबवून मेकॅनिकला दाखवणे श्रेयस्कर.

इथेनॉल आणि पावसाळा

जुन्या मेकॅनिकांच्या अनुभवात नसलेली एक बाब आता पेट्रोलमध्येच आली आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि 2025 सालापर्यंत या मिश्रणाचा टप्पा देशभर गाठला गेला. टू-स्ट्रोक यंत्रांच्या अनेक पुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलला मान्यता आहे. नवे यंत्र घेताना ते 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते का, हे विक्रेत्याला विचारणे म्हणूनच गरजेचे झाले आहे.

इथेनॉलचा संबंध वंगणाशी पाण्यामुळे येतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. भिवंडीच्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेली टाकी किंवा सैल झाकणाचा डबा काही आठवडे पडून राहिला, तर त्यात पाणी साचत जाते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. यंत्राच्या टाकीतील नळी इंधन तळातून खेचते. म्हणजे योग्य तेल, योग्य मापाने घालूनही इंजिनाला वंगणाशिवायचे द्रव मिळू शकते आणि ते पकडले जाऊ शकते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जुळणीच्या कार्ब्युरेटरवर इंजिन थोडे अधिक गरम चालते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेही त्याने खराब होतात.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. मिश्रण लागेल तेवढेच करावे. महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये आणि पावसाळ्यात तर आठवडा-दोन आठवड्यांत संपवावे. शंका असल्यास थोडेसे मिश्रण काचेच्या पारदर्शक बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर ते इंजिनात घालू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच यंत्र ठेवून द्यावे. खराब मिश्रण नाल्यात ओतू नये; शहरातील नाल्यांचे पाणी अखेर कामवारी नदीत आणि खाडीतच जाते.

साठवण आणि श्वास

तेल मिसळले म्हणून पेट्रोल कमी ज्वालाग्राही होत नाही. कापूस, सूत, कापड, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकने भरलेल्या गोदामांच्या परिसरात ही बाब विशेष लक्षात ठेवली पाहिजे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण 30 लिटरपर्यंत बाळगता येते. ते घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवावे लागते. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास एक लिटरपर्यंतचे आणि धातूचे असल्यास 25 लिटरपर्यंतचे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला त्यात स्थान नाही. डब्यावर ‘मिश्रण’, प्रमाण आणि तयार केल्याची तारीख ठळक लिहावी, म्हणजे कोणी चुकून साधे पेट्रोल यंत्रात घालणार नाही. टाकी इंजिन निवल्यावरच भरावी आणि भरलेल्या जागेपासून काही पावले दूर जाऊन यंत्र चालू करावे.

धुराचा प्रश्न याहून जवळचा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. हा रचनेचाच दोष असून कोणतेही तेल तो पूर्णतः घालवू शकत नाही. रिक्षाचा धूर रस्त्यावर विखुरत असे. पाठीवरच्या पंपाचा किंवा खांद्यावरच्या मशीनचा धूर चालवणाऱ्याच्या तोंडाशीच असतो. एफसी किंवा एफडी श्रेणीचे तेल योग्य मापाने वापरल्यास त्यातील तेलाचा धूर बराच घटतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र तसाच राहतो आणि तो दिसतही नाही. म्हणून बंद गोदामात किंवा शेडमध्ये ही यंत्रे चालवू नयेत.

खर्चाचा हिशेब

चांगले तेल महाग पडते, हा आक्षेप शेवटी उरतो. त्याचे उत्तर मापातच आहे. 50:1 प्रमाणात एक लिटर तेल 50 लिटर पेट्रोलला पुरते. समजा, एफडी श्रेणीचे तेल साध्या तेलापेक्षा लिटरमागे 100 रुपयांनी महाग आहे; तर हा फरक पेट्रोलच्या लिटरमागे दोन रुपये इतकाच पडतो. अंदाजाने ओतणारा माणूस लिटरला 20 ऐवजी 40 मिलिलिटर तेल घालत असेल, तर स्वस्त तेलाचाही खर्च त्याने आधीच दुप्पट केलेला असतो. मोजून घातलेले महाग तेल अनेकदा न मोजलेल्या स्वस्त तेलापेक्षा कमी खर्चाचे ठरते. एका पिस्टन-सिलिंडरच्या खर्चाचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब त्यात धरला, तर तुलनाच उरत नाही.

तेल सीलबंद डब्यातूनच घ्यावे, सील आणि छपाई तपासावी, पावती मागावी. ठेकेदाराने यंत्र कामगाराच्या हाती देताना तेलाचा डबा, सिरिंज आणि प्रमाणाची चिठ्ठीही सोबत द्यावी. ही चिठ्ठी मशीनच्या टाकीजवळच चिकटवलेली असेल, तर मशीन कोणाच्याही हाती गेले तरी माप चुकण्याचा संभव कमी होतो.